कमी दिवसांच्या बाळाचा मेंदू, जिनिव्हातलं संशोधन आणि आपलं बडोदं

सूरसागरकाठी

मंडळी, हा विषय बरेच दिवस मनात होता, आज लिहून काढते. लांबेल, पण वाचा.

माझी भाची तिसाव्या आठवड्यात जन्मली. आता घरी आहे, बाळसं धरतेय. ती काचेच्या पेटीत होती तेव्हा घरातलं सगळं बोलणं वजनाभोवती फिरायचं. आज किती ग्रॅम वाढली, काल का घटली. मेंदूबद्दल कोणी विचारत नव्हतं, कारण विचारायचीच भीती वाटायची. मी त्या काळात शोधशोधून वाचायला लागले आणि पेट्रा ह्युप्पी या स्विस डॉक्टर बाईंच्या कामापाशी येऊन थांबले.

जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात त्यांनी वर्षानुवर्षं नवजात बाळांवर उपचार केले आणि त्यांच्या मेंदूचे एम.आर.आय. काढून अभ्यासही केला. या तपासणीला भूल द्यावीच लागते असं नाही. बाळाला पोटभर पाजायचं, गुंडाळायचं, कान झाकायचे आणि झोप लागली की मशीनमध्ये सरकवायचं. १९९८ साली, बोस्टनमध्ये असताना, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी, गर्भारपणापासून मोजून, २९ ते ४१ आठवड्यांच्या बाळांचे मेंदू मोजले. त्या काळात मेंदू दर आठवड्याला सुमारे २२ मिलिलीटरने वाढतो, असं दिसलं. वरच्या पापुद्र्यातला करडा भाग या बारा आठवड्यांत चौपट होतो. मज्जातंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध आवरण चढतं, त्याने संदेश वेगाने जातात. ते आवरण चढलेला भाग ३५ ते ४१ आठवड्यांत पाचपट होतो.

हे आकडे वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते. आम्ही ज्याला 'बाळ पेटीत पडून आहे' म्हणत होतो, त्याच आठवड्यांत तिचा मेंदू आयुष्यातल्या सगळ्यात वेगवान वाढीतून जात होता. आणि ती वाढ पोटातल्या अंधारात, आईच्या आवाजात होण्याऐवजी ट्यूबलाइटखाली, मॉनिटरच्या टँटँमध्ये होत होती.

पोटातल्या बाळाला साधारण पंचविसाव्या आठवड्यापासून ऐकू येऊ लागतं. म्हणून ह्युप्पींच्या गटाने प्रश्न घेतला की या गोंगाटाच्या जागी काही अर्थपूर्ण आवाज दिला तर? अँड्रियास फोलेनवायडर या स्विस संगीतकाराने बाळांजवळ बसून वेगवेगळी वाद्यं वाजवून पाहिली. सगळ्यात जास्त प्रतिसाद कशाला मिळाला असेल? आपल्या गारुड्याच्या पुंगीला. मग पुंगी, हार्प आणि घंटा घेऊन आठ-आठ मिनिटांच्या रचना झाल्या. जागं होतानाची एक, जागेपणीची एक, झोपतानाची एक.

निष्कर्ष २०१९ साली आले. ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या काही बाळांना हेडफोनमधून हे संगीत ऐकवलं, काहींना नाही. दिवस भरायच्या सुमारास सगळ्यांचा एम.आर.आय. काढला. समोर येणाऱ्या असंख्य गोष्टींतून महत्त्वाची कोणती ते हेरणारं एक जाळं मेंदूत असतं, सेलियन्स नेटवर्क. संगीत न मिळालेल्या बाळांत या जाळ्याची ऐकण्याच्या, हालचालीच्या, विचाराच्या भागांशी जोडणी कमजोर होती. संगीत मिळालेल्यांची जोडणी पूर्ण दिवसांच्या बाळांच्या जवळ गेलेली दिसली.

मला पुंगीपेक्षाही महत्त्वाचं वाटतं ते हे, की पेटीतल्या बाळाचा मेंदू आजूबाजूच्या अनुभवातून घडत असतो. मग आपल्या बडोद्यातल्या एन.आय.सी.यू.मध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, त्या बाळाला काय अनुभव मिळतो? आणि घरच्यांनी काय करावं? डॉक्टर, सिस्टर, अशा बाळांचे आईबाप, सगळ्यांनी लिहा.

---

नलू आजी

बाळ घरी आलं हे वाचून बरं वाटलं. देव तिला उदंड आयुष्य देवो.

आमच्या वेळी म्हणत की सातव्या महिन्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही. माझ्या जावेचं आठव्यात गेलं, तेव्हा सगळ्यांनी तेच कारण सांगितलं आणि तिनेही ते गिळलं. खरं काय ते डॉक्टरांनी सांगावं. दुसरं, अशा नाजूक बाळाची टाळू तेलाने भरावी का? धुरी द्यावी का? आम्ही सगळं केलं, पण आमची बाळं पुऱ्या दिवसांची होती.

---

डॉ_कारेलीबाग

आजी, जावेच्या बाळाचं ऐकून वाईट वाटलं. सातव्या-आठव्याचा तो समज खरा नाही. पोटात मिळालेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो. उलट आठव्यातल्या बाळांकडे 'जवळजवळ पूर्ण दिवसांचंच आहे' म्हणून दुर्लक्ष होतं याची मला जास्त काळजी वाटते. ३४ व्या आठवड्यात मेंदूचं वजन दिवस भरलेल्या बाळाच्या मेंदूच्या सुमारे ६५ टक्केच असतं.

टाळू अजून हाडाने बंद झालेली नसते म्हणूनच तिच्यावर प्रोब टेकवून आम्हाला मेंदूची सोनोग्राफी करता येते. बाळ स्थिर झाल्यावर अंगाला हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही. टाळूवर दाब नको, नाका-कानात तेल मुळीच नको. धुरी नको म्हणजे नकोच. या बाळांची फुप्फुसं अपुरी असतात.

आता मूळ विषय. कमी दिवसांच्या मेंदूला दोन ठिकाणी धोका असतो. मेंदूच्या पोकळ्यांच्या कडेला नवीन पेशी तयार करणारा एक थर असतो, त्याच्या रक्तवाहिन्या फार नाजूक. चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास तो विरून जातो. त्याआधी जन्म झाला आणि रक्तदाबात चढउतार झाले की तिथे रक्तस्राव होऊ शकतो, बहुतेक वेळा पहिल्या तीन दिवसांत. म्हणून त्या दिवसांत आम्ही बाळाला कमीत कमी हलवतो. दुसरा धोका मायलिन बनवणाऱ्या पेशींना. त्या अजून कोवळ्या असताना ऑक्सिजन कमी पडला किंवा जंतुसंसर्ग झाला तर त्या मरतात, किंवा जगूनही पुढे पक्व होत नाहीत. बोस्टनच्या जोसेफ व्होल्पे यांनी आयुष्यभर हा विषय अभ्यासला. आमच्या पिढीने नवजात मेंदूशास्त्र त्यांच्याच पुस्तकातून शिकलं.

बचाव बराचसा जन्माच्या आधीच सुरू होतो. लवकर कळा सुरू झाल्या तर आईला स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी त्याचा फायदा १९७२ साली दाखवला. ते फुप्फुसांसाठी म्हणून ओळखलं जातं, पण मेंदूतला रक्तस्रावही त्याने कमी होतो. फार लवकरची प्रसूती असेल तर मेंदूच्या रक्षणासाठी मॅग्नेशियम सल्फेट देतात. जन्मानंतर श्वास विसरणाऱ्या बाळांना कॅफिन देतात. मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत कॅफिन मिळालेली बाळं दीड-पावणेदोन वर्षांची झाल्यावर त्यांच्यात अपंगत्व कमी आढळलं.

गरोदर बाईला वेळेआधी पोट कडक व्हायला लागलं, पाणी गेलं, तर 'सकाळी बघू' करू नका. ते इंजेक्शन लागू पडायला काही तास तरी लागतात.

---

नीरक्षीर

लेख आवडला, पण एक धोका आत्ताच सांगतो. संगीताचा हा अभ्यास थोड्या बाळांवरचा आहे. एम.आर.आय.मध्ये जोडणी चांगली दिसणं आणि ते मूल पुढे नीट बोलणं, शाळेत रमणं, यांत बरंच अंतर आहे. ते अंतर भरायला वर्षं लागतात.

आपल्याकडे काय होईल ते मला दिसतंय. 'जिनिव्हाच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं' असं छापून गर्भसंस्काराच्या रेकॉर्डिंगचे महागडे संच विकले जातील. पेटीतल्या बाळाचे घाबरलेले आईबाप काहीही विकत घेतात, मी जवळून पाहिलंय. ह्युप्पींचा अभ्यास रुग्णालयात, मोजून-मापून दिलेल्या आवाजाचा होता. मोबाइल पेटीच्या आत ठेवून गाणी लावणं म्हणजे तो उपचार नव्हे.

---

स्वरदा_गायनशाळा

पुंगीचं वाचून अंगावर काटा आला. मी गाणं शिकले ते सयाजीराव महाराजांनी १८८६ साली मौलाबक्षांच्या हाती सोपवलेल्या गायनशाळेच्या परंपरेत. पुंगीचा सूर अखंड असतो, मध्ये तुटत नाही. आईच्या पोटात रक्तप्रवाहाचा आवाजही तसाच अखंड असणार. हा फक्त माझा कयास. पण आईने स्वतः गुणगुणलेलं चालेल का? तिला सूर नसला तरी?

---

सूरसागरकाठी

स्वरदा, चालेल इतकंच नाही, त्यावरही काम झालंय. जिनिव्हातल्याच मॅन्युएला फिलिप्पा आणि सहकाऱ्यांनी इटलीतल्या आओस्ताच्या रुग्णालयात २० कमी दिवसांच्या बाळांचा अभ्यास केला, तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. टाचेतून रक्त घेताना आई शेजारी बसून बोलली किंवा गायली तर बाळाच्या वेदनेची खूण कमी झाली आणि ऑक्सिटोसिन हे जवळिकीशी जोडलेलं संप्रेरक वाढलं. सूर लागतो की नाही हे कोणी तपासलं नाही.

नीरक्षीर, तुमचा इशारा रास्त आहे आणि तो वर टाकल्याबद्दल आभार. पण अभ्यास लहान म्हणून प्रश्न लहान होत नाही. ह्युप्पी २००४ सालच्या बोस्टनच्या अभ्यासातही होत्या. त्या अभ्यासाच्या प्रमुख, मानसशास्त्रज्ञ हायडेलिझ आल्स यांनी बाळाच्या खाणाखुणा पाहून शुश्रूषा करायची पद्धत घालून दिली होती. बाळ थकलं की थांबायचं, प्रकाश कमी करायचा, हातपाय जवळ घेऊन धरायचे. तीसच बाळं होती, पण अशा शुश्रूषेने मेंदूच्या कामात आणि रचनेतही फरक दिसला. यात विकत घेण्यासारखं काहीच नाही.

---

सिस्टर मंदा

मी बरीच वर्षं एन.आय.सी.यू.त काम केलंय. आल्स बाईंची पद्धत पूर्णपणे पाळणं एका सिस्टरमागे चार-पाच बाळं असताना कठीण जातं. पण जे जमतं ते सांगते.

पेटीवर जाड चादर टाकली की डोळ्यांवरचा उजेड कमी होतो. सुती कापडाची गुंडाळी करून बाळाभोवती घरटं केलं की त्याला टेकायला कड मिळते, हातपाय फेकणं थांबतं. सगळी कामं एकदम करायची. लंगोट बदलणं, तापमान घेणं, नळीने दूध देणं. मग त्याला सलग झोपू द्यायचं. पेटीच्या झाकणावर पेन, फाइल, बाटली काही ठेवायचं नाही. बाहेर जो हलका टक्क आवाज वाटतो तो आत मोठा होतो. आमच्या ट्रेनिंगमध्ये सांगायचे की वॉर्डातला आवाज ४५ डेसिबलच्या आत हवा. नवरात्रात बाहेर गरबा सुरू असला की ते शक्यच नसतं, तेव्हा निदान आमचे आवाज तरी खाली ठेवायचे.

सुई टोचायच्या आधी आईच्या दुधाचे दोन थेंब जिभेवर घातले की बाळ कमी कळवळतं. पाजायला येईपर्यंत आईने दूध काढून द्यावं. दोन-तीन मिलि आलं तरी आणा, लाजू नका. किती आया 'एवढंसंच आहे' म्हणून रडतात! एवढंसंच त्याला लागतं. पुढे बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने, मग अंगावर.

---

मिहिरचे बाबा

आमचा मिहिर एकतिसाव्या आठवड्यात झाला, आता शाळेत जातो. ज्या खासगी दवाखान्यात तो होता तिथे आईला दिवसातून थोडाच वेळ आत सोडत, तेही हात न लावण्याच्या अटीवर. मला फक्त काचेतून. जंतुसंसर्ग होईल हे कारण. आम्ही भांडलो नाही, कारण बाळ त्यांच्या ताब्यात होतं. हा धागा वाचून राग पुन्हा वर आलाय.

घरी आणल्यावर एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी मला शर्ट काढून त्याला छातीवर उभं धरायला शिकवलं. माझी आई म्हणाली, पुरुषमाणसाने असं कुठे पाहिलंय का? दोन दिवसांत तीच मला वेळ झाली की हाक मारायला लागली. मिहिर माझ्या छातीवर जसा झोपायचा तसा पाळण्यात कधी झोपला नाही.

डॉक्टरसाहेब, संसर्गाची भीती खरी होती का?

---

डॉ_कारेलीबाग

संसर्ग ही खरी भीती आहे. पण आईला बाहेर ठेवणं हा त्यावरचा उपाय नाही, हे आता पुराव्याने सांगता येतं.

कांगारू पद्धत १९७८ साली बोगोटाला सुरू झाली. एडगर रे सानाब्रिया यांच्या वॉर्डात पेट्या कमी पडत होत्या, एका पेटीत एकापेक्षा जास्त बाळं ठेवावी लागत, संसर्ग पसरत होता. त्यांनी बाळांना आयांच्या छातीवर बांधलं. पुढे नताली शारपाक यांनी ९० च्या दशकात रीतसर चाचणी केली आणि वीस वर्षांनी तीच मुलं पुन्हा शोधली. कांगारू मिळालेल्या मुलांत शाळेतली गैरहजेरी, अतिचंचलपणा आणि आक्रमकपणा कमी होता.

जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानियात १ किलो ते १.८ किलोच्या आतल्या बाळांवर मोठी चाचणी केली. आपल्याकडे ती दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात झाली. एका गटात बाळ स्थिर व्हायची वाट न पाहता, जन्मल्याबरोबर छातीवर. आईची खाटच एन.आय.सी.यू.मध्ये. दुसऱ्या गटात स्थिर झाल्यावरच छातीवर. २८ दिवसांतले मृत्यू दुसऱ्या गटात १५.७ टक्के, पहिल्या गटात १२ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी वेळेआधी थांबवावी लागली. २०२१ सालची ही गोष्ट. २०२२ पासून संघटनेची शिफारसच आहे, दिवसातले ८ ते २४ तास. वडील, आजी, मावशी, कोणीही चालतं.

मिहिरच्या बाबांनी केलं ते बरोबरच होतं. आज कोणी अडवलं तर ही शिफारस नाव घेऊन सांगा.

---

गृहविज्ञान७८

इथे जिनिव्हा, बोस्टन, बोगोटा झालं. आता फतेहगंजला या!

महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या होम सायन्स विभागात मी शिकले. आपल्या बाळांच्या विकासाचं माप याच शहरात तयार झालंय, आणि ते प्रमिला फाटक या मराठी बाईंच्या नावावर आहे. बाळाचं वजन काट्यावर कळतं. पण त्याचा मेंदू नीट वाढतोय हे रोज एम.आर.आय. काढून कसं कळणार? ते त्याच्या वागण्यातून कळतं. आवाजाकडे वळतं का, वस्तूमागे नजर फिरवतं का, मान धरतं का, एका हातातली खुळखुळी दुसऱ्या हातात घेतं का. अमेरिकेत नॅन्सी बेली यांनी अशी मोजपट्टी केली होती. पण तिथल्या बाळांचं वय आपल्या बाळांना कसं लावायचं? फाटक बाईंनी बेलींच्या कसोट्या बडोद्याच्या बाळांवर घेतल्या आणि इथले निकष बसवले. देशभर ते 'बडोदा नॉर्म्स' म्हणून ओळखले जातात. त्यातून भारतीय बाळांसाठीची डासी ही मापनश्रेणी झाली. ६७ कसोट्या हालचालींच्या, १६३ बुद्धीच्या, अडीच वर्षांपर्यंतच्या. १९९७ साली ती सुधारून आली.

पुढे फाटक आणि खुराणा यांनी १९९१ साली पटकन करायची बडोदा चाळणी-चाचणी दिली. केरळातली सतरा कसोट्यांची त्रिवेंद्रम चाचणीही बडोद्याच्या निकषांवरूनच निघाली आहे. कमी दिवसांच्या बाळांच्या भारतातल्या कितीतरी अभ्यासांत 'डासीवर गुण किती' हेच विचारलेलं असतं. म्हणजे दिल्लीत किंवा चंडीगडला एखादं बाळ तपासायचं तरी त्यामागे मांडवीतली, रावपुऱ्यातली, वाडीतली कोणाची तरी बाळं आहेत. इतकं मोठं काम, आणि आपल्या मराठी कार्यक्रमांत त्यांचं नाव मी क्वचितच ऐकलंय. मला याचं फार वाईट वाटतं.

---

नीरक्षीर

हे माहीत नव्हतं. मनापासून धन्यवाद. इथल्या बाळांना इथेच मोजायला हवं, हा मुद्दा मला संगीतापेक्षाही पटला.

---

डॉ_कारेलीबाग

त्याला जोडून एक. जन्मताना गुदमरलेल्या पूर्ण दिवसांच्या बाळांना तीन दिवस थंड ठेवून मेंदू वाचवायचा उपचार श्रीमंत देशांत यशस्वी झाला. सुधीन थय्यिल यांच्या गटाने तो भारत, श्रीलंका, बांगलादेशात तपासला. २०२१ साली निकाल आला. इथे फायदा झाला नाही, उलट मृत्यू वाढले. तिथलं सगळं इथे जसंच्या तसं लागू होत नाही. ह्युप्पींचं मोजमाप मेंदूच्या मूलभूत वाढीचं आहे, ते कुठल्याही बाळाला लागू व्हावं. उपचार मात्र इथे तपासूनच घ्यावे.

---

माही_मांजलपूर

माझा मुलगा तिसाव्या आठवड्यातला, सहा महिन्यांचा झाला. अजून पालथा पडत नाही. सासूबाई रोज शेजारच्या बाळाशी तुलना करतात. रात्री झोप लागत नाही मला.

---

डॉ_कारेलीबाग

माहीताई, तो दहा आठवडे आधी आला. ते वजा करा. त्याचं विकासाचं वय साधारण साडेतीन-पावणेचार महिने आहे. त्या वयाचं बाळ पालथं पडलं नाही तर चालतं. सासूबाईंना हे गणित कागदावर मांडून दाखवा. दोन वर्षांचा होईपर्यंत विकास असाच मोजायचा. लस मात्र जन्मतारखेप्रमाणेच, तिथे वजाबाकी नाही.

पण 'वजा केलं की झालं' असंही नको. या वयात तो मान धरतो का, तुमच्याकडे पाहून हसतो का, दोन्ही हात सारखे हलवतो का, हे तपासून घ्या. पाय फार ताठ वाटत असतील, मुठी सतत घट्ट असतील, एकच बाजू चालत असेल तर लगेच दाखवा. फेरतपासणीच्या तारखा चुकवू नका. लवकर लक्षात आलं तर फिजिओथेरपीचा उपयोग जास्त होतो.

---

माही_मांजलपूर

मान धरतो, हसतो, दोन्ही हातांनी माझे केस ओढतो. आज पहिल्यांदा बरं वाटलं. सासूबाईंनाही वाचून दाखवते.

---

सूरसागरकाठी

सगळ्यांच्या मजकुरातून मी एक पानाचा कागद करते आहे, मराठी आणि गुजराती. मातृत्व विभागाबाहेरच्या बाकावर बसलेल्या घरच्यांच्या हातात पडावा म्हणून. आत्तापर्यंत घेतलेलं: वेळेआधी कळा आल्या तर लगेच दवाखाना, आईचं काढलेलं दूध थोडं असलं तरी आणावं, छातीवर धरणं, शेजारी बसून हळू बोलणं, मोबाइल पेटीजवळ नको, धुरी नको, वयाची वजाबाकी, फेरतपासणी. फाटक बाईंचं नाव तळाशी टाकते आहे. काही राहिलंय का?

---

सिस्टर मंदा

हात धुणं राहिलं. कोपरापर्यंत, साबणाने, अंगठ्या-बांगड्या काढून. गुजराती मजकूर मला पाठवा, तपासून देते. आमच्याकडे पंचमहालाकडून येणाऱ्या आया असतात, त्यांना समजेल असं साधं ठेवा.

---

डॉ_कारेलीबाग

डोळ्यांची तपासणी राहिली आणि ती सगळ्यात वर हवी. २ किलोच्या आतलं किंवा ३४ आठवड्यांच्या आतलं प्रत्येक बाळ जन्मानंतर ३० दिवसांच्या आत पडद्याच्या तपासणीला न्यायचं. फारच लहान असेल, २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १२०० ग्रॅमच्या आतलं, तर त्याहीआधी, दोन-तीन आठवड्यांत. बाळ घरी गेलेलं असतं, वरून काही दिसत नाही, आणि तारीख निघून जाते. उपचार वेळेत झाला तर दृष्टी वाचते. कानांची तपासणीही त्याच ओळीत लिहा.

---

सूरसागरकाठी

दोन्ही घेतलं, डोळे पहिल्या ओळीत. भाचीची डोळ्यांची तपासणी वेळेत झाली होती, पुढची तारीख आजच वहिनीला विचारते. छापील प्रती कोणाला हव्या असतील तर व्यनि करा.